काकूंचा मेन स्विच

इंटरनेट बंद पडल्याच्या कथेची दोन रूपे सर्वत्र आढळतात: एकात उंदीर वायर कुरतडतो, दुसऱ्यात खोदकामवाले ती तोडतात. तिसरे रूप इंदूरचे असून ते माझ्याच वाट्याला आले.

माझ्या विद्यार्थिनीची पीएच.डी.ची ऑनलाइन मौखिक परीक्षा तासाभरावर आली होती आणि घरी इंटरनेट नव्हते. राउटर बंद-चालू करून थकल्यावर मी केबलवाल्याला फोन लावला.

"भिया, पूरी गली का डब्बा कुलकर्णी आंटी के घर में लगा है। उधर बिजली ही बंद है।"

शेजारच्या कुलकर्णी काकू लेकीकडे पुण्याला निघाल्या होत्या. त्या गाडीत फोनवर सापडल्या.

"अहो सर, मेन बंद केल्याशिवाय कुणी गावाला जातं का? किल्ली तुमच्याच घरी दिलीय. चालू करा, पण काम झालं की आठवणीनं बंद करा हं. नाहीतर मला तिकडे झोप लागायची नाही."

"काकू, सगळ्या गल्लीचं इंटरनेट..."

"गल्लीला म्हणावं, जरा दम धरा!"

मी मेन चालू केला. परीक्षा झाली, मुलगी उत्तीर्ण झाली. मग मी पुन्हा काकूंचे कुलूप उघडले आणि मेन बंद केला.