दानाईला काख नाही

...आणि वर मलाच सांगतो, "बाबा, ती मला समजून घेते!" अहो, समजून घेते म्हणजे काय करते? हा जे म्हणेल त्याला हो म्हणते! तुम्हाला सांगतो, माझा स्त्रातोस, एवढा धिप्पाड गडी, रोज संध्याकाळी चौकातल्या कॉफीच्या दुकानात माझ्यासमोर तावली, म्हणजे फासे-सोंगट्यांचा पट, खेळायला बसायचा. फासे आपटायचा, माझ्या बापाचा उद्धार करायचा, म्हणजे स्वतःच्याच आजोबांचा! आणि आता? कानात ती दानाई! मोबाइलमधली! बाई नाही हो, बोलणारं यंत्र! हात नाही, पाय नाही, काख नाही... आणि म्हणे प्रेम!

त्याची आई गेल्यापासून आम्ही बापलेक बोलायचो ते त्या पटावरच हो. तेही बंद. घर खायला उठायचं मला.

शेवटी परवा म्हटलं, "आण तुझ्या दानाईला. होऊन जाऊ दे एक डाव!" पोरगं खूश! ती चाल सांगणार, हा तिच्या वतीनं फासे टाकणार, सोंगट्या सरकवणार. मी तिची सोंगटी मारली, तर म्हणते, "वाऽऽ, किती सुंदर चाल!" तावलीत असं बोलतात? मी डिवचलं, "खेळतेस की मटार सोलतेस?" तर म्हणते, "तुमची विनोदबुद्धी फार छान आहे!" हरवली तिला! आख्खं दुकान ओरडलं, "पट काखेत!" हरणाऱ्यानं पट काखेत मारून चौकातून घरी जायचं, लोकांनी हसायचं, नियम म्हणजे नियम! पण हिला हात नाही, पाय नाही, काख नाही... मारते कुठं? वर म्हणते, "हरण्यातही आनंद असतो!"

बस्स! स्त्रातोस भडकला. तिच्यावर! "अगं, चिडशील की नाही? म्हातारा फासे बोटानं वळवतो, आणि तू त्याला सुंदर म्हणतेस?" मोबाइल कोंबला खिशात, खुर्ची ओढली. "चल म्हाताऱ्या! आता माझ्याशी!"

अहाहा! काय ते शिव्याशाप, काय ती आदळआपट! कॉफी गार झाली, कोणाला शुद्ध होती? असा धुतला मला... शेवटी दोन्ही फाशांवर सहा! "घ्या काखेत, बाबा!"

घेतला! वरात निघाल्यासारखा निघालो चौकातून! लोक म्हणतात, "हरलास का रे, अरिस्तिदिस?" म्हटलं, "हरलो! माझ्या पोरानं हरवलं!" डोळे भरून आले हो, खोटं कशाला बोलू?

आणि मागून पोरगं माझी नक्कल करत येतंय, तेवढ्यात त्याच्या खिशातून ती... "बाबा, तुम्ही किती छान हरलात!"

हात नाही, पाय नाही, काख नाही... पण आख्ख्या जन्मात मला असं दुसरं कुणी म्हटलेलं नाही!