माप तेच आहे ना?

दवाखान्यात माझ्या शेजारी एक शिंपी आणि त्याची बहीण बसली होती.

“जुन्या गिऱ्हाइकांना फोन केलेस का, दादा?”

“केले. मापांची वही उघडली आणि विचारलं, माप तेच आहे ना?”

“असं विचारतात होय?”

“मग कसं? दोघी रागावल्या. तिसरी जुने कपडे सैल करायला घेऊन आली. दिले फुकट करून.”

“फुकट कशाला?”

“तूच म्हणालीस ना, जुन्या गिऱ्हाइकाला वरती काहीतरी द्यावं?”

“नवीन शिवलं तर, दादा.”

“माझं डोकंच चालेनासं झालंय. तू सांग, गिऱ्हाईक परत कशानं येतं?”

“आमचा शिंपी न सांगता आतून खिसा लावतो. म्हणून जाते मी.”

“आमचा म्हणजे कोण?”

“माझा नंबर आला वाटतं.”

“अजून चार जण आहेत पुढे. बस.”