टोचल्यावर बसायचं असतंय

—त्या खुर्चीवर नगं सिस्टर, तिचा पाय हलतोय. हितं सतरंजीवर बस, मी बिड्यांचं सूप सरकवते की जरा. डबा मांडीवर कशाला, ठेव खाली, कोन न्हेतंय? घरात मी एकलीच हाय. व्हय, सोनाबाई मीच. वय? पोरी, जन्मतारीख कुनी लिवलीय? उजनीचं धरान बांदत हुते तवा माजा आदिनाथ मांडीवर हुता, त्यावरनं तूच धर काय ते. फ्लूचं इंजक्शन न्हवं का? मला ठावं हाय. दे की, हा घे दंड. डावा नगं, उजव्यात मार— आगं, हसतीस काय? बाकीच्या पळत्यात आन् ही म्हातारी पदर सावरून बसलीया, म्हनून?

पळनारच की त्या. आमच्या ह्या कुंभारी गावात घरोघरी बिड्या वळत्यात. दंड दुखला की बोटं चालत न्हाईत, बिडी सैल पडती, आन् कारखान्याचा मानूस ती बाजूला टाकतोय. आन् समोरची गंगम्मा! तिला मी म्हनले, चल, घेऊ. तर म्हनती, "मला म्हातारीला काय करायचंय? असल्या सुया पोरास्नी मारा." मी म्हनले, "गेल्या थंडीत खोकून खोकून गल्ली जागी ठेवलीस, तवा न्हाई आटवलं म्हातारपन?" तर म्हनती, "तू कवापास्नं डाक्टरीन झालीस गं?" लई तोंडाळ बाई. आदी आमी दोगी एकाच कट्ट्यावर बसून वळायचो. मग लेकानं तिला टीवी आनून दिला आन् त्यो गेला हैदराबादला. आता ती दार लावून आत वळती, मी हितं वळते.

माजा? माजा पुन्याला हाय. करतोय की फोन. "आई, इंजक्शन घे गं, छातीला जप." व्हय बाबा म्हनते. मागनं गाड्यांचे भोंगे ऐकू येत्यात— म्हंजी रस्त्यात असतोय, घरी पोचायच्या आत आईचं उरकायचं. चांगला हाय पोरगा, दमतोय बिचारा. पन त्याच्या सांगन्यावरनं न्हाई घेतलं मी. खरं सांगू? त्या सुईवाल्या पोरीपायी घेतलं. टोचलं, वर कापूस दाबला, आन् उटलीच न्हाई की! म्हनली, "आजी, टोचल्यावर जरा बसायचं असतंय, काय तरास हुतोय का बगायला." माजा हात हातात घिऊन बसली. "चक्कर येतीया का? जेवलाव का? काय जेवलाव?" काय जेवले ते सांगायला मला इचार करावा लागला बग— कुनी इचारतच न्हाई, ध्येनात कशाला ऱ्हातंय? मग मी सांगत गेले. माजं लगीन, आमचं ते धरनात गेलेलं गाव, मालकाचं जानं, सगळं. ती ऐकत हुती. मधीच म्हनायची, "मग वो आजी?"

कवा म्हंजी? दिवाळीच्या आदी. देवळापशी कॅम्प हुता न्हवं का—

आँ?

हां. फ्लूचंच.

तसं बगू नगंस गं. मला वाटलं, चालतंय. पोलिओला न्हाई का, दर बारीला पोरास्नी थेंब पाजत्यात, आदी पाजलेलं असलं तरी? बोटाला शाई तेवडी लावत्यात. मला कुटं लावली शाई? ह्यो बग हात, कोरा हाय. तवा डाव्या दंडात हुतं, म्हनून आता उजवा म्हनले.

वर्सातनं एकदाच? म्हंजी आता पुढल्या दिवाळीला.

बरं. लाव त्यो डबा, बरफ पगळंल.

बसतीस? नगं. टोचलंच न्हाई तर कशापायी बसायचं? तुला किती घरं फिरायचीत. ऐक, गंगम्माकडं जा. दार उगडायची न्हाई, कडी वाजवत ऱ्हा. तिला दवाखान्याचं भ्या घालू नगंस, लेकाचं नाव तर काडूच नगंस. नुस्तं म्हन, टोचल्यावर मी हितं बसनार हाय. घेतीय बग. आन् एकदा बोलाय लागली की मधनं उटू नगंस तेवडं.

जा आता. जा म्हनले न्हवं! मला पानं भिजवायचीत.