मूळ नंबर

पनवेल स्टँडवर उरणच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे आत्या आणि भाची उभ्या होत्या.

"रिया, बंदरावर गाऱ्या कशाला अरकल्या व्हत्या?"

"आमच्या पर्ल या कॉम्प्युटरच्या भाषेतल्या प्रोग्रॅममुळे, आत्या. त्यात गेटची चिठ्ठी छापणारं सबरूटीन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक छोटा तुकडा आहे, त्याला आम्ही कंटेनरचा नंबर देतो. ते छापण्यापुरता नंबर छाटतं."

"मंग?"

"पर्लमध्ये आपण देतो ती नक्कल नसते, मूळ नंबरच त्याच्या हातात जातो. मग तोच छाटला जायचा, गेटवर नंबर जुळायचा नाही आणि गाडी अडायची."

"सायबांना नाय गावलं?"

"तीन दिवस नाही. मी एक ओळ घातली, आधी नक्कल करून घ्यायची."

"येका वलीनं सगल्या गाऱ्या सुटल्या?"

"चाळीसच्या चाळीस."

"तुजा हात दाव."

"का गं?"

"एवरासा तं हाय गो!"