चष्म्यातला सोफा

ताई : हळू, हळू. एकदम उठू नका, काका. आधी डोळ्यांवरचा तो जाहिरातीचा चष्मा काढा.

काका : सोफा कुठे गेला?

ताई : सोफा चष्म्यातच होता. तुम्ही बसलात ते आमच्या दुकानाच्या फरशीवर.

धाकटा : काका, मी बजावलं होतं ना, नुसतं बघायचं म्हणून!

काका : बजावलंत हो. पण समोर एवढा मऊ सोफा, शेजारी दिवा, खिडकीतून गार वारा...

धाकटा : वारा नव्हता. फक्त पडदा हलत होता.

काका : मला लागला.

धाकटा : ऐकलंस, ताई? वारा लागला त्यांना! ही या जाहिरातीची ताकद!

ताई : दिसतेय की. माणूस आडवा झालाय. तुझ्या अहवालात याला काय म्हणतात?

धाकटा : प्रतिसाद म्हणतात. टोमणे नकोत.

ताई : मग लिही, 'प्रतिसाद थेट कमरेतून आला'. काका, धरा माझा हात. इथे बसा. आधी चाचपून बघा हवं तर, हा सोफा खरा आहे.

काका : हं. आहे.

ताई : तू बर्फ आण रे. हातात धरता येईल असा.

(धाकटा आत जातो.)

काका : रागावू नका त्याच्यावर. मीच वेंधळा.

ताई : तुम्ही एकटे नाही हो. चार महिने झाले, लोक येतात, चष्मा लावतात, वा वा करतात, चष्मा परत देतात आणि घरी जातात. परवा एक बाई नणंदेला घेऊन आल्या. म्हटलं, चला, सोफा आवडला. तर त्यांना खिडकीबाहेरचा समुद्र दाखवायचा होता!

काका : समुद्र छानच आहे.

ताई : आहे ना. तोच विकावा म्हणते आता.

धाकटा : हा घ्या बर्फ. आणि ताई, तू हसतेस, पण शंभरातल्या नव्वद जणांना आठवड्यानंतरही आपली जाहिरात आठवते.

ताई : काकांना तर जन्मभर आठवेल.

धाकटा : म्हणूनच मागचं वर्कशॉप बंद करायचं म्हणतोय. तिथे चष्म्याच्या चार खोल्या होतील. उद्या भिंत पाडायला माणसं येतायत.

ताई : आणि मी काय करू? हवेत खिळे ठोकू?

धाकटा : तू... चष्मे सांभाळ.

ताई : वा! अठरा वर्षं स्पंज कापला, कापड ताणलं, बोटं सोलून घेतली. आता बढती मिळाली. चष्मे पुसायची.

काका : हा सोफा तुम्ही बनवलात?

ताई : मीच. याला जाहिरातीत घेतलं नाही. कॅमेऱ्यात जुनाट दिसतो म्हणे.

काका : दिसतो खरा. पण कमरेला बरं वाटतंय.

धाकटा : काका, डॉक्टरांकडे नेऊ का? गाडी काढतो.

काका : नको हो. पाय हलतायत. कमरेला दुखायची सवयच आहे. न्हावी आहे मी. तीस वर्षं उभा. दुकानात खुर्च्या तीन, तिन्ही गिऱ्हाइकांच्या.

धाकटा : म्हणून सोफा घ्यायला आलात?

काका : छे. पलीकडच्या गल्लीत कात्र्यांना धार लावायला दिल्यात. तासभर थांबा म्हणाला. तुमच्या दारावर पाटी दिसली, 'या, बसून बघा'. म्हटलं, बसायला तरी मिळेल.

ताई : आणि याने तुम्हाला उभं केलं!

धाकटा : उभ्याने सगळीकडे फिरता येतं, म्हणून...

काका : फिरलो ना. छान खोली होती. खरं सांगू का? तिथे कुणीच वाट बघत नव्हतं. कुणी म्हणत नव्हतं, 'आवरा, माझा नंबर आहे'. म्हणून टेकलो.

ताई : लिही ना हा प्रतिसाद.

धाकटा : ...काका, कात्र्या कुठल्या दुकानात आहेत?

काका : कोपऱ्यावर, निळ्या दाराचं. का?

धाकटा : मी आणतो. तुम्ही बसा. आणि ताई, त्या भिंतवाल्यांना फोन करतो. उद्या येऊ नका म्हणून.

ताई : मग परवा?

धाकटा : परवाचं परवा बघू!

ताई : 'बघू' तरी म्हणालास. जा. दार लोटून घे, आणि ती पाटी उलटी कर.

काका : भला आहे हो तुमचा भाऊ.

ताई : भला आहेच. चष्मा काढला की दिसतो.

काका : तुम्ही का उभ्या? तुमचेही पाय दिवसभर जमिनीलाच.

ताई : सरका थोडे. बनवल्यापासून मीही बसलेली नाही यावर.