फुकट टोचणी

अवो, हसता काय? आधी ऐकून तर घ्या! सारी वाडी त्या कोंडिबाच्या नावानं बोटं मोडती, पर तुम्हाला सांगतो, ह्यात कोंडिबाचं काय चुकलं? ग्रामपंचायतीचा शिपाई गडी, पत्र्याचा डबा बडवायचा आन् दवंडी द्यायची, एवढंच त्याचं काम. आन् मांडवगणाच्या अल्याडची ही वाडी म्हंजी लई भेदरट, लांब कुठं धुरळा उडाला तरी इचारणार, 'जीप आली का?' बरं, का इचारू नये? आणीबाणीत ह्याच कोंडिबानं दवंडी दिली, "दवाखान्याची गाडी येणार होऽ!" आन् गाडी निघाली नसबंदीची! बापये तीन दिस उसात! पाल्यानं अंग चिरलं, आन् शिव्या कुणाला? कोंडिबाला! सख्खा जावई दोन वर्सं बोलला न्हाई.

तर अठ्ठ्याहत्तर साली नर्स ललिताबाई आल्या. पल्याडच्या मळ्यात घटसर्पानं दोन लेकरं गेलेली... गळा सुजून, श्वास कोंडून. बाई म्हणाल्या, "कोंडिबामामा, उद्या चावडीवर लस टोचायचीय, तान्ह्या मुलांना सुई. गावात सांगा. एकही मूल सुटता कामा नये." कोंडिबाच्या घरात पाच म्हयन्याची नात, नकुशी. नाव नकुशी, पर म्हाताऱ्याला तीच हवीशी! पोरगी जरा खोकली की हा गळा चाचपून बघायचा.

निघाला डबा घेऊन. 'सुई' म्हणावं तर लोक ऊस गाठतील. 'दवाखाना' म्हणावं तर जावई पुन्यांदा अबोला धरील. 'लस' म्हणावं तर घरची बायको पार्वतीबाईच दार लावून घेईल! एकेक शब्द गिळत गेला, शेवटाला तोंडात उरलं काय? "उद्या चावडीवर फुकट टोचणी होऽ! तान्ही लेकरं आणा होऽ!" आता ह्यात खोटं काय? एक अक्षर तरी? मग सांगा की, कोंडिबाचं काय चुकलं?

दुसऱ्या दिशी चावडीवर ही जत्रा! कुणाच्या वाटीत हळद-खोबरेल, कुणाच्या पदरात गुळाचा खडा, कुणाच्या मुठीत सोन्याची तार. पार्वतीबाई नकुशीला न्हाऊमाखू घालून सगळ्यांच्या म्होरं. ललिताबाई हरखल्या, "असं गाव मी पाहिलंच नाही हो!" तेवढ्यात पार्वतीबाईनं पोरीचा कान म्होरं केला. "हितं टोचा. मधोमध."

"अहो, कानात नाही, मांडीत!"

"मांडीत? मांडीत डूल घालायचा व्हय?"

आन् तवाच सावळाराम सोनार आला की धापा टाकत, लालबुंद! "सरकार आता कान बी टोचणार? मग आम्ही काय म्हशी राखायच्या?" झालं, फुटलं बिंग! "अगं बया, सुई हाय! चला गं घरी!" बाया उठल्या, आन् कोंडिबा डबा फेकून दारात आडवा. "पारू, मला काय बोलायचं ते बोल, पर पोरीला नेऊ नगं... दोन लेकरं गेली गं!" आन् एवढा बाप्या माणूस, ढसाढसा रडला. पार्वतीबाई पोरीला घेऊन पुन्यांदा खाली बसली.

सावळारामानं खाकरून इचारलं, "बाई, तुमची सुई फकस्त मांडीत?"

"हो."

"म्हंजी कान माझाच?"

"तुमचाच की हो, आप्पा!"

"मग आधी न्हाई सांगायचं!" गड्यानं घाम पुसला, फतकल मारली. "बायांनो, आधी बाई मांडीत, मागनं मी कानात. लेकरू एकदाच रडंल!" सोनारानंच कान टोचावं म्हणत्यात, ते काय उगंच? पहिली नकुशी. तिनं असं भोकाड पसरलं, आन् कोंडिबा रडता रडता हसाय लागला.

पर बाईंना घोर, डोस तीन, म्हयन्या-म्हयन्यानं, दुसऱ्या बारीला फिरकणार कोण? सावळाराम म्हणाला, "त्यात काय? एका बारीला एकच कान!" म्हयनाभर सारी लेकरं एका कानात डूल घालून! असं अर्धं लेकरू कोणती आई मिरवील, सांगा? दुसऱ्या बारीला एक सुद्धा चुकलं न्हाई. तिसऱ्याला पोरींचं नाक आन् पोरांना भिकबाळी!

पुढं घटसर्प पल्याडच्या मळ्यात पुन्यांदा आला, पर वाडीत एका लेकराला शिवला न्हाई. जीव भांड्यात पडला हो समद्यांचा! कोंडिबा आता नकुशीचा गळा चाचपत न्हाई, डूल हलवून हसवतो.

बरं, संपलं म्हणाल... कुठलं! दीड वर्सानं बाई पुन्यांदा हजर, "मामा, आता बूस्टर!" कोंडिबा गेला सोनाराकडं. सावळारामानं कपाळाला हात लावला. "दोन कान झालं, नाक झालं, भिकबाळी झाली... आता अंगावर जागा कुठं उरली, बाबा?"

"ते तुम्ही बघा, आप्पा," कोंडिबानं डबा खाली ठिवला. "मी आपली दवंडी दिली. बाया कवाच्या चावडीवर बसल्यात, इचारत्यात, औंदा काय टोचायचं?"

आता ह्यात कोंडिबाचं काय चुकलं?