बाकाशेजारची मोकळी वायर

जबाब देणाराचे नाव ओळखपत्राप्रमाणे. ओळखीतले सगळे भिंगरी म्हणतात. वय २४ वर्षे. शिक्षण बारावी, तेही अर्धवट. धंदा: आजवर केबल ओढणे, टॉवरवर चढणे, सभागृहात माइक लावणे, काल दुपारपासून इस्पितळात नेटवर्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. राहणार: सध्या आत्याकडे, वरची खोली.

मी आज सकाळी साडेदहा वाजता आपणहून ठाण्यात आलो. मला कोणी बोलावले नव्हते. विचारल्यावरून खरे ते सांगतो की,

काल इस्पितळात नेटवर्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या एका जागेसाठी मुलाखती होत्या. उमेदवार चार, मी चौथा. साडेनऊपासून तळमजल्यावर कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलो होतो. मुलाखत घेणारे तिघे: मोठे साहेब, भरती बघणाऱ्या मॅडम आणि या महिनाअखेर निवृत्त होणारे जुने तंत्रज्ञ, त्यांना सगळे काका म्हणतात. काकांची पद्धत अशी, की तोंडी प्रश्न झाले की उमेदवाराला वीस मिनिटे सर्व्हर रूममध्ये एकटे सोडायचे. तिथे सरावाच्या यंत्रात त्यांनी एक बिघाड करून ठेवलेला असतो, तो शोधायचा. नियम एकच, हात लावण्याआधी वहीत लिहायचे. अशी परीक्षा मी कुठे पाहिली नव्हती. एका ठिकाणी तर मला शिडी धरता येते का, एवढेच विचारले होते. ती शिडीही मोडकी होती. हवालदार म्हणाले, शिडी सोड, मुद्द्यावर ये.

तिसरी उमेदवार, आता बाहेर बसली आहे ती, अकरा वाजून पाच मिनिटांनी सर्व्हर रूममध्ये गेली. ती आधी याच इस्पितळाच्या ठेकेदाराकडे कामाला होती आणि भांडून बाहेर पडली होती. हे तिनेच मला बाकावर हसत हसत सांगितले.

मला स्वस्थ बसवत नाही. बाकाशेजारी भिंतीवर लोखंडी पेटी होती, दार उघडे. आत स्विच, म्हणजे सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात तो डबा. एका वायरीचे टोक लोंबत होते. लोंबणारी वायर मला बघवत नाही. अकरा दहाला मी ते टोक रिकाम्या जागेत खोचले आणि दार लावले. छान दिसले. वायरीचे दुसरे टोक कुठे गेले आहे, ते पाहिले नाही.

पाच मिनिटांत पळापळ सुरू झाली. नेटवर्क बंद पडले, संगणकावर रक्ताचे रिपोर्ट दिसेनात. दोन शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. अकरा अठराला काकांनी तिला बाहेर आणले.

“पोरी, काय दाबलंस?”

“काका, मी अजून वहीतच लिहितेय. बघा की.”

मोठ्या साहेबांनी वही उघडली नाही. म्हणाले, “ठेकेदाराकडची माणसं नकोत, म्हटलं होतं मी.” मग माझ्याकडे वळले. “तुला येतं का रे काही?”

“येतं म्हणून तर आलोय, साहेब.”

त्यांनी लॅपटॉप दिला. हे काम मला येते, यात कोणी शंका घेऊ नये. नेटवर्क तुंबवणारा कचरा, म्हणजे फुकटचे निरोप, कुठून येतोय ते बघत, एकेक मजला बाद करत मी खाली आलो. अकरा बावन्नला त्याच बाकापाशी थांबलो. पेटी उघडली. सगळे दिवे एकदम लुकलुकत होते. त्या वायरीची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये होती. असे झाले की निरोप आतल्या आत गोल फिरत राहतात आणि खऱ्या निरोपांना वाट उरत नाही. मी वायर उपटली. नेटवर्क आले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, “शाब्बास! मला याला तास लागला असता.” साहेब म्हणाले, जाता-जाता तिनेच खोचली असणार, सूड म्हणून, आणि तक्रार द्यायला निघाले. मी हो म्हटले नाही. नाही, असेही म्हटले नाही. बारा पस्तीसला मॅडमनी नेमणूकपत्र दिले. घरी आत्या म्हणाली, “टेकलं बाई एकदाचं बूड.” मी जेवलो.

मी खोचली हे कशावरून, असे विचारल्यावरून सांगतो की, सर्व्हर रूमच्या दाराला कार्ड लागते, त्याची नोंद काढा. ती अकरा पाचला आत आणि अकरा अठराला बाहेर. वायर कधी लागली याची नोंद स्विच ठेवतो, तिथे अकरा दहा सापडेल. त्या वेळी बाकावर मी एकटा होतो. तिची वहीही ताब्यात घ्यावी. तिने नियम पाळला आहे.

आज ठाण्यात शिरताना ती बाहेर आईबरोबर बसलेली दिसली. मला बघून म्हणाली, “अरे, तू? लागली ना तुला? अभिनंदन हं.” तिच्या आईने सरकून मला जागा केली. मी बसलो नाही.

हवालदारांनी विचारले, “कुणी पाहिलं नाही, पत्र खिशात आहे. मग आलास कशाला बाबा?” मी उत्तर दिले. ते म्हणाले, हे जबाबात बसत नाही. म्हणून ते लिहिलेले नाही.

नेमणूकपत्राची मूळ प्रत सोबत जमा केली आहे. जबाब मला सावकाश वाचून दाखवला. त्यात ‘काल मी घाबरून गप्प राहिलो’ असे एक वाक्य घातले होते. ते मी सांगितलेले नाही, खोडायला लावले. मी घाबरलो नव्हतो. मला नोकरी हवी होती. आता बरोबर आहे, म्हणून खाली सही करतो.